मोहाखाली सांगितलेला अर्थ

८ एप्रिल १९८६, मंगळवार

घडलं ते क्रमानं.

१. काल पहाटे आमच्या आरोग्य केंद्राच्या शिपायाबरोबर, देवाजींबरोबर, सालेटोल्याच्या मोहाच्या रानात गेले. गावात हिवताप वाढला आहे. मोहाच्या दिवसांत बाया फुलं वेचायला उजाडायच्या आत घर सोडतात, त्यामुळे रक्त घ्यायचं तर झाडाखालीच जावं लागतं.

२. सात जणींच्या बोटांतून रक्त घेतलं. स्लाइडींवर थेंब नीट पसरले.

३. बोट पुढे करताना बायनाबाईनं विचारलं, तुमचं नाव उरसुला मनते, मंग त्याचा मतलब काय?

४. मी सांगितलं. लॅटिन भाषेतलं नाव आहे. अर्थ लहान अस्वल. मादी.

५.  एकीनं थुंकून टोपली उचलली आणि दूरच्या झाडाखाली गेली.

६. परतताना देवाजी सायकल ढकलत म्हणाले, मोहाखाली त्याचं नाव घेत नाहीत. ‘बुढा’ म्हणतात. नाव घेतलं की त्याला बोलावल्यासारखं होतं.

७. मी हसले.

८. आज पहाटे त्याच रानात अस्वलानं सीताला पाडलं. सीता बायनाबाईची सून, पोटुशी, दिवस भरत आलेले. डोक्याची कातडी सोलली आहे, डावा दंड फाटला आहे. डॉक्टरांनी टाके घालून जीपमधून गडचिरोलीला पाठवलं. जगेल म्हणाले. पोटातलं हलतं आहे.

एवढंच. यातल्या चौथ्या आणि आठव्या गोष्टीत काही संबंध नाही. मोहाची फुलं पडली की अस्वलं येतात, दरवर्षी येतात, नाव घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी.

हे मला माहीत आहे. तरीही दुपारी स्लाइडीवर टाकायचा रंग ओट्यावर सांडला. केंद्राच्या प्रयोगशाळेत आल्यापासून दोन वर्षांत कधी सांडला नव्हता.

९ एप्रिल

सीताला जीपमध्ये चढवताना बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं होतं. रागानं नाही. माप घेतल्यासारखं पाहत होती.

१० एप्रिल, गुरुवार

सालेटोल्यात घरोघर गेले. एकीनंही बोट दिलं नाही. दारं लावली नाहीत, ‘या बाई’ सुद्धा म्हणाल्या, पण हात पदराखाली. एका घरी अंगणात पोरगी तापानं फणफणत होती. आजी तिला उचलून आत घेऊन गेली. मागे देवाजी थांबले होते, त्यांना तिनं सांगितलं ते त्यांनी मला उशिरानं सांगितलं, ते पण मी दोनदा विचारल्यावर.

“थे मनते, बाई आपलं रगत काचेवर नेते आन बुढ्याले वास देते.”

मी म्हटलं, तुम्ही काय म्हणालात?

“मी काय मनीन? मी मनलं, म्याडम सरकारी आहे. सरकार बुढ्याले काई देत नाई, आमालेच नाई देत त त्याले काय देते.”

एरवी हसले असते.

गेल्या आठवड्याच्या स्लाइडींतल्या दोन फॅल्सिपेरम निघाल्या. चंद्रकोरी स्पष्ट दिसतात. मेंदूत शिरणारा हिवताप हाच. म्हणजे त्या अंगणातल्या पोरीचं रक्त मला हवंच आहे. आणि तिची आजी मला अस्वलाची समजते.

अर्थ मी कुठून शोधला ते आज आठवत बसले. नागपूरला लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या आधी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्र होतं. आपल्याकडच्या अस्वलाचं शास्त्रीय नाव पाठ करताना मधेच माझं नाव सापडलं. उर्सा म्हणजे मादी अस्वल. शेवटी ‘उला’ जोडलं की लहान. आभाळातल्या सप्तर्षींनाही त्या भाषेत मोठं अस्वलच म्हणतात. मला तेव्हा फार आवडलं होतं! इतकं नेमकं नाव वर्गात कुणाचंच नव्हतं. बाकी सगळ्या नुसत्या फुलं आणि नद्या.

बायनाबाईला सप्तर्षींचं सांगता आलं असतं. ‘एका तारकासमूहाचं नाव आहे’ म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, पण थोडंसंच.

११ एप्रिल

दाराच्या उंबऱ्याबाहेर राखेची रेघ. सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बाहेर ठेवायला की आत कोंडायला, कळलं नाही. ओलांडली. ओलांडताना पाय जरा जास्तच उचलला गेला, ते मी पाहिलं.

१२ एप्रिल, शनिवार

बायनाबाई आणि पुजारी वारलू केंद्रावर आले. वारलू सालेटोल्याचे, गावदेवाचं सगळं तेच बघतात. म्हातारे, बारीक, खाकरून बोलतात. बाकावर बसवलं. चहा घेतला त्यांनी. म्हणजे माझ्या हातचं चालतं.

सीता बरी होते आहे, बायनाबाई म्हणाली. टाके कोरडे पडले. मला बरं वाटलं आणि तिला ते दिसलं.

मग वारलूंनी विषय काढला. मंगळवारपासून एकही बाई मोहात गेलेली नाही. फुलं पडून सडताहेत, हरणं खाताहेत. अजून पंधरा दिवस मोह पडेल, मग संपला. वर्षभराचं मीठ-मिरची त्यातून निघतं. बुढा नाव ऐकून आला आहे आणि अजून रानातच बसला आहे. तर —

“बाई, तुमच्या मनात काई वाईट नाई, मले मालूम आहे. पन नाव तुमच्यासंगं आलं. तुमी एक काम करा. सकाळी झाडाखाली चाला, जुनं नाव तिथीच ठेवून द्या, आन नवं घ्या. कोनतंबी घ्या. सरला घ्या, विमल घ्या.”

मी म्हटलं, माझं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, सर्टिफिकेटवर आहे, नोकरीच्या कागदांवर आहे.

“कागदाले बुढा वाचते का?” बायनाबाई म्हणाली. “कागदावर राहू द्या. तोंडावरचं बदला.”

आणि नाही बदललं तर?

 वारलूंनी कपबशी खाली ठेवली. “तर मंग लोकं कोनाचं आयकनार नाईत. माहं बी नाई.”

धमकी नव्हती. त्या म्हाताऱ्याला खरंच भीती वाटत होती, माझ्यासाठी. तेच जास्त वाईट. मागच्या साली कोरचीकडे एका बाईला करणी करते म्हणून काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ती पण ओट्यावर बसून लोकांना चहा देत असेल.

चौदा एप्रिलच्या जयंतीला घरी चांद्याला जाऊन येते, मग सांगते, असं म्हटलं. आज पहिल्यांदा दोन्ही कड्या लावल्या.

१४ एप्रिल, सोमवार. चंद्रपूर

वडसा, ब्रह्मपुरी, मूल अशी बस बदलत काल संध्याकाळी पोचले. आज विहारात वंदना, मिरवणूक, निळे झेंडे. आईनं खीर केली. मी सगळीकडे होते आणि कुठेच नव्हते.

बाबांना विचारलं. सगळं नाही सांगितलं, फक्त नावाचं. नाव ठेवलं कुणी? मला इतकंच माहीत होतं की मिशनच्या दवाखान्यात जन्मले.

बाबा तेव्हा तिथे वॉर्डबॉय होते. आईचा बाळंतपणात जीव जायची वेळ आली होती. परदेशातली एक सिस्टर होती, तिनं आईच्या उशाशी बसून काढले ते दिवस. तिचं नाव उर्सुला. बाबांनी तिला विचारलं होतं, या नावाचा अर्थ काय? ती म्हणाली, एका संत बाईचं नाव आहे. तेवढंच सांगितलं.

“मले अर्थाशी काय करा लागत होतं? मी पाह्यलं, या नावात कोनता देव नाई. कोनती जात नाई. मास्तरनं हजेरीत घेतलं त त्याले समजनार नाई पोरगी कोन्या मोहल्ल्यातली हाय. मंग घेतलं.”

मी अर्थ सांगितला. बाबा बराच वेळ हसले! आईला हाक मारून सांगितलं, “आयक व, तू अस्वल जनलीस.” आई म्हणाली, स्वभावावरून वाटतेच.

मग मी बाकीचं सांगितलं. सीता. राख. वारलू. बाबांचं हसणं थांबलं.

मला वाटलं होतं चिडतील. अंधश्रद्धा, बावीस प्रतिज्ञा, शिक्षण, हे सगळं काढतील. त्यांनी विचारलं, तुला भीती कशाची वाटते, लोकांची का अस्वलाची?

मी खरं उत्तर दिलं नाही. खरं उत्तर असं की रोज पहाटे जाग येते तेव्हा मला वाटतं, मी नाव घेतलं नसतं तर सीता त्या सकाळी फुलं वेचून घरी आली असती. दिवसा हे वाटत नाही. पहाटे वाटतं. हे बाबांना कसं सांगू?

ते म्हणाले, “माहं पयलं नाव उकंडू. उकिरड्यावरून. छप्पन साली चांद्याले दीक्षा घेतली आन त्याच दिवशी मनलं, मी गुनवंत. कोनी मले असं कर मनलं नाई. मले पाह्यजे होतं. तुले पाह्यजे असन त तूबी बदल. मी काई मननार नाई.”

मग, “पन तुले पाह्यजे आहे का?”

१६ एप्रिल

परत आले. राख कुणी झाडून टाकली आहे. देवाजींनी असावी, विचारलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

अंगणातली ती पोरगी कालपासून बेशुद्ध आहे. आजीनं आज स्वतः आणली, बैलगाडीतून. डॉक्टरांनी क्विनीन सुरू केलं. स्लाइड बघितली, चंद्रकोरीच चंद्रकोरी. आठवडाभर आधी हे रक्त मिळालं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं.

आजी माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे नाही.

देवाजींना सांगितलं, वारलूंना निरोप द्या, उद्या सकाळी येते. काय करणार ते नाही सांगितलं. मला तरी कुठे माहीत आहे! विमल म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तोंडावरचंच तर आहे. त्यानं बोटं मिळतील, रक्त मिळेल. हिशेब सरळ आहे.

विमल. विमल. विमल.

लिहून पाहिलं. दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

वारलू, बायनाबाई, देवाजी आणि मी. गावातल्या काही बाया लांब बांधावर उभ्या होत्या, पुढे कुणी आलं नाही. नुकतं फटफटलं होतं. जमीन फुलांनी पिवळी, त्याचा तो गोड आंबूस वास, डोकं जड करणारा. वारलूंनी झाडाच्या बुंध्याशी तांदूळ ठेवले. मला समोर उभं केलं. “आता बोला, बाई.”

मी तोंड उघडलं आणि वारुळामागून ते आलं.

आधी आवाज आला. नळातून हवा ओढावी तसा. फुलं ओढत होतं. मग काळं अंग, छातीवर पांढरा बाकदार पट्टा. पंधरा हातांवर असेल, जास्त नाही. बायनाबाई खाली बसली. वारलू झाडामागे. देवाजींनी सायकलीची घंटी वाजवली! एकदाच. मग तीही थांबली.

मी उभी होते. सगळे सांगतील की मी उभी होते. पाय हलत नव्हते.  अस्वलानं नाक वर करून वास घेतला. डोळे इतके बारीक, त्यांना मी दिसत होते की नाही कोण जाणे. पोटऱ्यांवरून काहीतरी गरम ओघळलं. लघवी झाली मला. इथे लिहिते, कारण इथे कुणी वाचत नाही.

त्यानं आणखी काही फुलं ओढली. मग वळून नाल्याकडे गेलं. घाई नाही, काही नाही.

वारा माझ्याकडून नव्हता, त्याच्याकडून होता. पोट भरलेलं होतं. कुणी पळालं नाही, ओरडलं नाही. कारणं एवढी. मी परत परत मोजते, एवढीच.

वारलू झाडामागून आले. माझ्यासमोर हात जोडले. जोडायला नको होते.

“बाई, नाव ठेवू नका इथी. राहू द्या तुमच्यापाशीच. त्यानं वळखलं तुमाले.”

मी ‘नाही’ म्हटलं नाही.  नंतरही, परतीच्या वाटेवर, म्हटलं नाही.

१९ एप्रिल

पोरगी शुद्धीवर आली. आजीनं पुढे होऊन स्वतःचं बोट दिलं. सालेटोल्यातून एका दिवसात एकोणीस स्लाइडी. भरपूर काम. नीट केलं.

२३ एप्रिल, बुधवार

आता बाया मोहात जातात. पण आधी माझी वाट बघतात.

शनिवारी देवाजी सांगत आले, तेव्हा मला वाटलं ते थट्टा करताहेत. रविवारी पाहिलं. रानाच्या कडेला सगळ्या टोपल्या घेऊन उभ्या, कंदील खाली ठेवलेले, कुणी आत पाऊल टाकत नाही. मी पोचले तशी वाट झाली. “चाला बाई, तुमी पुढं.”

मी पुढे गेले. रोज जाते. पहिल्या झाडापर्यंत पोचेस्तोवर कानात रक्ताचा आवाज येतो. प्रत्येक वारूळ मला तेच वाटतं. अजून चार दिवस मोह पडेल, तोवर हे. मागून बाया गप्पा मारत, हसत येतात. एक तर गुणगुणत होती! त्या भीतीतून सुटल्या. त्यांची सगळ्यांची भीती आता मी एकटी घेऊन चालते.

२५ एप्रिल

आज राहवलं नाही. बायनाबाईला झाडाखाली बसवून स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी मी धीरानं उभी नव्हते. घाबरून उभी होते. अस्वलानं मला ओळखलं वगैरे काही नाही, ते ओळखत नसतं. नाव म्हणजे नाव. दूर देशातल्या एका भाषेतला शब्द. त्या देशात इथलं अस्वल कधी गेलं नाही.

ती फुलं वेचत ऐकत होती. वेचणं थांबवलं नाही.

“हाव, मालूम आहे. तुमचं लुगडं वलं झालं होतं. आमी सगळ्यायनं पाह्यलं.”

मी नकळत साडी सावरली.

“भेलात तरी थो गेला ना, बाई. आमची सीता काई भेली नव्हती. काठी उगारली तिनं. तिले पाडलं.”

मग टोपली माझ्याकडे सरकवली. “वेचा मंग. रिकाम्या हातानं काऊन बसता?”

वेचली. बोटं चिकट झाली.

२८ एप्रिल

मोह संपला. कुणालाही काही झालं नाही. काल घरी येऊन ढसाढसा रडले, कशासाठी ते कळलं नाही. सीताला मुलगी झाली. दोघी ठीक. सीताच्या डोक्यावर त्या बाजूला केस उगवणार नाहीत, डॉक्टर म्हणाले.

जिल्ह्याला बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे. पाठवला नाही.

२ मे, शुक्रवार

देवाजी आज सालेटोल्याहून निरोप घेऊन आले. सीतानं सांगितलेला, तिच्याच शब्दांत, त्यांनी वाटेत घोकत आणलेला:

“बाईले सांगजा, पोरीचं नाव उरसुला ठेवाचं आहे. मंजे सहा-सात वर्साची झाली की मी तिले मोहात एकटीले धाडीन, मले भेव राहनार नाई. पन जित्या मानसाचं नाव त्याले इचारल्याबिगर घेत नाईत. मंगळवारी बारसं आहे. हो का नाई, थे सोमवारपावेतो सांगा.”